घरी स्पोर्ट्स कारचा इंधन फिल्टर बदलणे : पावसाळ्यानंतर अंगणात केलेले काम आणि त्यातून निघालेले प्रश्न

वाळवंटीकाठ

नमस्कार. आमच्याकडे १९९३ सालची माझदा एमएक्स-५ आहे. १६०० सीसीची, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. मोठे काका इंग्लंडमधली नोकरी संपवून कायमचे साखळीला परतले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली, आणि ते गेल्यापासून गेली अकरा वर्षे तिची देखभाल मी करत आहे. जून ते सप्टेंबर ती पडवीला लागून असलेल्या छपराखाली उभी असते आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा रस्त्यावर येते.

या वर्षी पहिल्याच फेरीत केरीहून चोर्ला घाट चढताना गाडीने गचके द्यायला सुरुवात केली. सपाटीवर, हलक्या पायाने चालवताना काहीही जाणवत नव्हते आणि उभ्या गाडीचे इंजिनही अगदी एकसारखे चालत होते. पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास तिचा जीव जाई, आणि पाय उचलला की क्षणभराने परत येई. जिथे पेट्रोल जास्त लागते तिथेच ते कमी पडते आहे, हे या लक्षणावरून दिसत होते. तरीही आधी स्पार्क प्लग, त्यांच्या तारा आणि हवेच्या नळीला कुठे तडा गेला आहे का, हे मी तपासून घेतले, कारण अशा वेळी थेट फिल्टरवर आळ घेऊन मोकळे होण्याचा मोह फार असतो. ते सगळे ठीक निघाल्यावर फिल्टरकडे वळलो. फिल्टर चवथीला स्विंडनहून आलेल्या चुलतभावाने बॅगेतून आणून ठेवलेलाच होता.

काम कसे केले ते सविस्तर लिहितो. अशी गाडी बाळगणाऱ्यांची संख्या गोव्यात मोठी नाही, आणि जे आहेत त्यांना मराठीत वाचायला काही मिळत नाही.

सर्वांत आधी जागा आणि वेळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साठते आणि दूरवरच्या ज्योतीपर्यंत सरपटत जाते. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते, मग आपल्या ३२ अंशांच्या दुपारी काय होत असेल याचा विचार करावा. आमच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि दिवेलागणीला तिथे रोज पणती लागते. मागच्या बाजूला न्हाणीत पाणी तापवायला चूल पेटते. देवघरातली समई तर पडवीपासून दहा पावलांवर आहे. म्हणून आदल्या दिवशीच घरच्या सर्वांना सांगून ठेवले, सकाळी साडेसात वाजता गाडी अंगणाच्या मध्यावर, वारा वाहत असेल अशा बाजूला ढकलत नेली, आणि काम संपून जमीन कोरडी होईपर्यंत चूल पेटली नाही. आईने त्या दिवशी समई उशिरा लावली. कोरड्या पावडरीचे अग्निशामक हाताशी ठेवले आणि तारेवर लोंबकळणाऱ्या बल्बाऐवजी बंद काचेची एलईडी टॉर्च वापरली.

त्यानंतर दाब. ही इंजेक्शनची, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणारी गाडी आहे. तिच्या लाइनीत सुमारे अडीच ते तीन बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो बराच काळ टिकतो. तसाच पाइप सोडला तर पेट्रोलची पिचकारी थेट तोंडावर येते. म्हणून टाकीचे झाकण सैल केले, इंजिन चालू करून इंधनपंपाच्या रिलेचा (पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढला, लाइनीतले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडू दिले, आणि आणखी दोनदा स्टार्टर फिरवून पाहिला. मग बॅटरीची ऋण तार काढली. या मॉडेलची बॅटरी डिकीत असते, हे नव्या मालकांना ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगतो.

फिल्टर मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाशी, प्लास्टिकच्या आवरणाआड असतो. १० आणि १२ मिमीचे सॉकेट, एक रुंद तोंडाची पक्कड, पत्र्याचा ट्रे आणि भरपूर जुने सुती कापड एवढी सामग्री पुरली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्या जागेचे बोल्ट गंजलेलेच असणार असे धरून मी आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. तरीही एक बोल्ट अडला. त्याला जोर न लावता पाव फेरी सैल, पाव फेरी घट्ट असे करत वीस मिनिटांत बाहेर काढला. तिथे घाई केली असती तर त्याची मान तुटली असती आणि ते काम वेगळेच होऊन बसले असते.

खरा वेळ रबरी पाइपांनी घेतला. स्प्रिंगच्या क्लिपा पकडीने दाबून मागे सरकवल्या, पण पाइप फिल्टरच्या नळीला इतके घट्ट बसले होते की ओढून काही होईना. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटण्याऐवजी मी पाइप पकडीने हलकेच धरून नळीभोवती गोल फिरवला, तेव्हा तो सुटला. ट्रेमध्ये साधारण पेलाभर पेट्रोल आले, आणि टाकीकडच्या पाइपातून थेंब थांबेनात म्हणून त्यात ८ मिमीचा स्वच्छ बोल्ट सारून वरून क्लिप लावली. टाकी पावच भरलेली होती, हे सोयीचे झाले.

इथेच एक गोष्ट दिसली, जिच्यामुळे मी अजून अस्वस्थ आहे. इंजिनकडे जाणारा पाइप चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलला होता. त्या गॅरेजचे नाव घेण्याचे कारण नाही. तो पाइप बोटांत धरून वाकवला, तर बाहेरच्या अंगावर केसांसारख्या बारीक भेगा उघडल्या, आणि वाकवलेल्या जागी बोट फिरवले तर ते ओलसर झाले. पाइपावर दाबाचे किंवा दर्जाचे कोणतेही अक्षर छापलेले नव्हते. तापलेल्या एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर हा पाइप चार वर्षे पाझरत होता. मी दोन्ही बाजूंचे पाइप बदलून ‘एसएई जे३० आर९’ असे छापलेले, इंजेक्शनसाठीचे पाइप घातले. ज्यांना इथे काटकसर करायची असेल त्यांनी ती फिल्टरमध्ये करावी, पाइपांत नको. खरे तर दोन्हींत नको.

नवा फिल्टर बसवताना त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने आहे ना, हे दोनदा पाहिले. बॅटरी आणि रिले जोडले, बॉनेटखालच्या तपासणीच्या कनेक्टरमध्ये ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ ही टोके तारेने जोडून चावी फिरवली, म्हणजे इंजिन सुरू न करता पंप चालतो, आणि गाडीखाली टॉर्च धरून प्रत्येक सांधा कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसून पाहिला. कापड कोरडे राहिल्यावरच इंजिन सुरू केले.

गाडी आता घाटात बरीच सुधारली आहे. बरीच म्हणतो, पूर्ण नाही. त्याबद्दल मला मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. काकांच्या वहीत फिल्टर बदलण्याचे अंतर किलोमीटरमध्ये लिहिले आहे आणि त्या हिशेबाने हा फिल्टर अजून निम्माही वापरला गेला नव्हता.

फोंड्याचा_वाटसरू

आपण फार सविस्तर लिहिले आहे, त्याबद्दल आभार. एक व्यावहारिक शंका विचारतो. परदेशातून भाग आणणे सर्वांना शक्य नसते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशाच जुन्या आयात गाडीला कार्ब्युरेटरच्या मारुतीचा पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर बसवला आहे. तो स्वस्त मिळतो, आतला कचरा डोळ्यांना दिसतो आणि दर वर्षी बदलता येतो. गाडी चालते आहे. असा उपाय करण्यास काय हरकत आहे?

यंत्रशाळा

वाटसरू, हरकत आहे, आणि ती लहान नाही. आपल्या ओळखीच्या गृहस्थांना कृपया आजच कळवावे.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल अगदी किरकोळ दाबाने वाहते, एका बारच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याने, आणि तो प्लास्टिकचा फिल्टर तेवढ्यासाठीच घडवलेला असतो. इंजेक्शनच्या गाडीत दाब त्याच्या आठ-दहा पट असतो. प्लास्टिकचा सांधा उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने मऊ होत जातो आणि एक दिवस सुटतो. त्या वेळी पंप चालूच असतो, म्हणजे पेट्रोल ठिबकत नाही, उडते. गाडी चालते आहे हा पुरावा नव्हे. तो फिल्टर आतापर्यंत फुटला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मूळ भाग मिळत नसेल तर इंजेक्शनच्या गाडीचाच, पत्र्याचा बंद फिल्टर घ्यावा. नळ्यांचा बाह्य व्यास मोजून जुळवावा, दोन्ही नळ्यांच्या टोकाला पाइप अडकून राहावा म्हणून उभट कडा आहे का ते पाहावे, आणि तो मूळ ब्रॅकेटमध्ये हलणार नाही असा बसवावा. व्यास जुळत नाही म्हणून पाइप ताणून किंवा क्लिप आवळून वेळ मारून नेऊ नये. साधी जुबली क्लिप, जिच्या पट्टीला आरपार खाचा असतात, ती रबरात रुतून पाइप कापते. इंधनासाठी गुळगुळीत पट्टीच्या, वळलेल्या कडांच्या क्लिपा मिळतात, त्या वापराव्यात.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे येतो. मी बत्तीस वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला आहे आणि विद्यार्थ्यांना एक गोष्ट न चुकता करायला लावत असे. जुना फिल्टर फेकायचा नाही. ज्या नळीने पेट्रोल आत शिरते ती नळी खाली करून आतला द्रव काचेच्या बरणीत ओतायचा आणि अर्धा तास तसाच ठेवायचा. त्यानंतर, आतले सगळे पेट्रोल उडून गेल्यावर, एक-दोन दिवसांनी फिल्टर हॅक्सॉने हळूहळू कापायचा. ग्राइंडरने मुळीच नाही. आपण हे केले आहे काय?

दिवाडीची_फेरीबोट

मी सॅन स्टॉर्म चालवते. गोव्यातच तयार झालेली ही दोन आसनांची, उघडता येणाऱ्या टपाची गाडी आता इतकी दुर्मीळ झाली आहे की पणजीच्या धक्क्यावर लोक थांबून विचारतात. तिचे अंग फायबरचे आणि इंजिन रेनोचे बाराशे सीसीचे. फायबरचे अंग म्हणून गंजाची चिंता नाही असे अनेक जण मला सांगतात, पण त्या अंगाखाली लाइनी, ब्रॅकेट आणि क्लिपा धातूच्याच आहेत, आणि बेटावरच्या हवेत त्या कशा होतात ते मी दर वर्षी पाहते.

वाळवंटीकाठ, आपण पूर्ण सुधारणा झाली नाही असे लिहिले आहे. माझ्याही गाडीत असेच झाले होते. फिल्टर बदलल्यावर महिनाभर ठीक चालली आणि नवा फिल्टर पुन्हा भरला. दोष टाकीत होता. पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते ती लालसर गाळाने लिंपून गेली होती. कृपया तिकडे पाहावे.

आणखी एक विनंती. आपण समई आणि चूल यांचा विचार केला, तो वाचून मला बरे वाटले. त्याबरोबर पाण्याच्या पंपाचा स्विच आणि पडवीतला फ्रिजही ध्यानात ठेवावा, कारण तेही आपोआप चालू होताना ठिणगी टाकू शकतात. काम चालू असेपर्यंत मी त्या भागाचे मेन स्विच बंद ठेवते.

म्हापशाचा_शुक्रवार

यंत्रशाळा काका, मी नवशिका आहे, म्हणून साधा प्रश्न विचारतो. माझ्याकडे जॅक आहे पण स्टँड नाहीत. घराच्या बांधकामातले जांभ्याचे चिरे उरले आहेत. चाकामागे आणि चॅसीखाली दोन-दोन चिरे रचून गाडी उभी केली तर चालेल का? शेजारच्या वर्कशॉपमध्ये तसेच करतात.

यंत्रशाळा

नाही. चाक घरंगळू नये म्हणून अडण लावायला चिरा चालेल. गाडीचे वजन पेलायला नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो, खाणीतून काढल्यावर वाऱ्यावर कठीण होतो खरा, पण भिंतीत त्याच्यावर वजन सर्वत्र सारखे पडते. चॅसीची कड त्याच्या एका बिंदूवर टेकली की तो आधी काही न दाखवता दुभंगतो. आपण ज्या कामाबद्दल बोलत आहोत त्यात माणसाची छाती बरोबर त्या जागेखाली असते. दोन चांगले स्टँड घ्यावेत, ते गाडीच्या ठरलेल्या आधारबिंदूंवर लावावेत, आणि खाली जाण्यापूर्वी गाडीला बाजूने जोराने हलवून पाहावे. केवळ जॅकवर उभ्या गाडीखालीही जाऊ नये. स्टँड येईपर्यंत काम थांबले तर थांबू द्या, बाळा.

वाळवंटीकाठ

यंत्रशाळा यांच्या सूचनेप्रमाणे केले. सुदैवाने जुना फिल्टर पिशवीत बांधून माडाखाली ठेवलेला होता.

जाम संपलेली काचेची बरणी घेतली, आत जाणारी नळी खाली करून फिल्टर तिच्यात रिता केला. पहिल्यांदा चहासारखे तपकिरी पेट्रोल आले. ते निवळू दिले तेव्हा तळाशी दीड बोट जाडीचा एक वेगळा थर दिसू लागला, पाण्यासारखा पातळ पण मळकट, आणि बरणी कलती केली की तो पेट्रोलखाली स्वतंत्रपणे सरकत होता. त्याच्याही खाली, काचेला चिकटून, विटकरी रंगाची पूड होती. ती चिमटीत घेऊन चोळली तर बोटांना खरखर लागली, आणि कागदाखाली लोहचुंबक फिरवल्यावर तिच्यातले कण त्याच्या मागोमाग हलले. दोन दिवसांनी फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्यांचा खालचा निम्मा भाग लाल आणि फुगलेला, वरचा जवळजवळ पांढरा.

हे पाणी इथेनॉलने हवेतून ओढले असेल काय? २०२३ पासून पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, येऊ लागले आणि आता सगळीकडे तेच मिळते. माझी गाडी त्यासाठी बनलेली नाही.

यंत्रशाळा

काही अंशी, पण सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारणे योग्य होणार नाही. इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेले राहून इंजिनात जळून जाते. मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. आपल्या बरणीतला थर नुसत्या पाण्याचा नसून बहुधा पाणी आणि इथेनॉल यांचा आहे, आणि पंप तळातूनच ओढत असल्यामुळे इंजिनाला आधी तोच मिळतो. इथेनॉलचा दुसरा गुण असा की ते जुन्या टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे बसलेला थर सोडवते, आणि तो सुटलेला माल फिल्टरमध्ये येतो. जुन्या रबराला ते मानवत नाही, हे आपल्या पाइपावर आपण पाहिलेच. अर्थात तो पाइप मुळातच या कामाचा नव्हता.

पण बंद टाकीत हवेतून येणारी ओल हळूहळू येते. दीड बोट पाणी यायला दुसरी वाट हवी. टाकीच्या झाकणाचे रबर काढून, ताणून पाहा. झाकणाभोवतीच्या खोबणीत पाला-माती साचून पाणी तुंबते का तेही पाहा. आणि चार महिने टाकी पावच भरलेली असेल तर उरलेल्या पाऊण जागेत दमट हवा खेळत राहते, रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरते.

कागदाचा फिल्टर कचरा अडवतो, पाणी अडवत नाही. म्हणून टाकी साफ केल्याशिवाय हे काम पुरे झाले असे धरू नये. आणि किलोमीटरच्या हिशेबाबद्दल माझे मत विचाराल तर आपल्याकडे उभी राहणारी गाडी पावसाळ्यांवर मोजावी. मी दोन पावसाळ्यांनंतर फिल्टर बदलतो, गाडी चालली असो वा नसो.

फोंड्याचा_वाटसरू

मी त्या गृहस्थांना काल संध्याकाळी दूरध्वनी केला. त्यांनी फिल्टर पाहिला तेव्हा नळीच्या बुडाशी पांढरट चीर दिसली, असे त्यांनी सांगितले. गाडी त्यांनी उभी करून ठेवली आहे. यंत्रशाळा यांचे त्यांच्या वतीनेही आभार मानतो.

वाळवंटीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

झाकणाचे रबर काढले. ते वाकवताच दोन ठिकाणी तुटले. खोबणीतून पाणी बाहेर जाण्याची वाट आंब्याच्या मोहोराने आणि मातीने पूर्ण बुजलेली होती. गाडी वर्षातले आठ महिने ज्या झाडाखाली उभी असते त्याच झाडाचा मोहोर. बारीक तार आणि पाणी वापरून ती मोकळी केली आणि झाकण नवे घातले.

टाकी उतरवावी लागली नाही. या गाडीत आसनांच्या मागचा गालिचा उचलला की पत्र्याचे झाकण दिसते आणि त्याखालून पंप वर काढता येतो. दिवाडीच्या ताईंनी सांगितले होते तसेच निघाले. पंपाची जाळी मूळची पांढरी असावी, ती कौलाच्या रंगाची झाली होती. टाकीतले सगळे पेट्रोल उपसून काढले, तळ सुती कापडाने तीन वेळा टिपून घेतला, जाळी बदलली. या वेळी मेन स्विच बंद होता.

उपसलेले पेट्रोल आणि बरणीतला गाळ धातूच्या बंद कॅनमध्ये भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला दिले. आमची विहीर अंगणापासून पंचवीस पावलांवर आहे आणि आमची जमीन जांभ्याची. तिच्यावर ओतलेले काहीही विहिरीत पोहोचल्याशिवाय राहत नाही. म्हणून ट्रेखालीही मी जाड प्लास्टिक अंथरले होते.

बसवलेला नवा फिल्टर तीन आठवड्यांतच काढून त्याची बरणी पाहिली. द्रव स्वच्छ होता, तळाशी चिमूटभर पूड होती, पाण्याचा थर नव्हता. तोच परत बसवला, क्लिपा मात्र नव्या घातल्या.

रविवारी सकाळी केरीहून घाट चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांपर्यंत एकही गचका आला नाही. माथ्यावर थांबून बॉनेट उघडले, गाडीखाली वाकून सांधे पुसले. कापड कोरडे होते. फिल्टरवर मी पांढऱ्या रंगाने ‘पावसाळा पहिला’ असे लिहून ठेवले आहे, आणि मे महिन्याच्या अखेरीस टाकी काठोकाठ भरून मगच गाडी छपराखाली लावणार आहे.